गुरुजींचा वारा

प्यो जोंग-हाक गुरुजींनी आयुष्यात सुनेसमोर कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. आंदोंगच्या घरात खोलीत शिरण्याआधी ते खाकरायचे, म्हणजे आतल्या सुनेला सावरून बसता यावं. अशा माणसाच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, आणि शस्त्रक्रियेनंतर तेगूच्या इस्पितळात जो तो त्यांना एकच प्रश्न विचारू लागला.

"गुरुजी, वारा सरला का?"

शस्त्रक्रिया रोबोटने झाली होती. डॉक्टर मिन बाई गुरुजींपासून चार हात लांब बसल्या आणि यंत्रात डोळे खुपसून त्यांनी त्याचे बारीक हात पोटात फिरवले. कमरेच्या हाडांच्या खोबणीत माणसाचं मनगट वळत नाही, तिथेही ते हात वळले. गाठ निघाली, आतडं पुन्हा जोडलं गेलं. पोटावर राहिली काजाएवढी छिद्रं आणि गाठ बाहेर काढायची एक लहानशी चीर.

"जोड झकास बसलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण आतड्याला जागं करणं यंत्राच्या हातात नाही. वारा सरला की समजायचं, जागं झालं. तोवर जेवण नाही."

वारा दुसऱ्या दिवशी पहाटेच सरला होता. सून मीरांग उशाशी बसली होती, म्हणून टाके ठणकले तरी गुरुजी जोरात खोकले आणि आवाज झाकला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही सून समोरच होती. "नाही," गुरुजी म्हणाले. खोटं बोलणाऱ्या पोरांना उभा जन्म छड्या मारलेल्या माणसाला मग माघार घेता येईना. यंत्राने त्यांना आतून बाहेरून पाहिलं, त्याची लाज वाटली नव्हती. सुनेने एक आवाज ऐकला असता, तर मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

शेजारच्या खाटेवर फोहांगचा मासेवाला बांग दु-सिक होता. त्याचा वारा सरला तेव्हा अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या होत्या.

"काय गुरुजी," तो म्हणाला, "तुमचा वारापण खानदानी दिसतोय. पालखी पाठवायची का?"

गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढल्या दिवशी डॉक्टर कोड्यात पडल्या. "आतड्याचे आवाज तर येतायत, मग अडलंय कुठं? आज स्कॅन करू. जोड गळत असेल, तर पोट उघडावं लागेल. मोठा छेद घेऊन."

गुरुजींनी सुनेकडे पाहिलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मीरांग स्कॅनचं विचारायला डॉक्टरांमागोमाग बाहेर गेली. बांग या वेळी हसला नाही.

"गुरुजी, सून भिंत धरून चालतेय, बघितलंत? माझी बायको तिला रोज डबा देते, ती हात लावत नाही. म्हणते, मामंजींनी चमचा उचलल्याशिवाय आमच्या घरात कोणी उचलत नाही."

तो नियम गुरुजींचाच होता. ती लग्न होऊन आली त्याच दिवशी त्यांनी तिला शिकवला होता. गुरुजींना स्वतःची लाज वाटली, आणि या लाजेपुढे ती पहिली लाज काहीच नव्हती.

मीरांग डॉक्टरांना घेऊन परतली, तेव्हा ते उठून बसले होते. वर्गात बोलत तसे खणखणीत आवाजात म्हणाले, "स्कॅन नको. वारा कालच सरलाय. आज सकाळीही सरला. मी खोटं बोललो."

पहिली टाळी बांगची पडली, मग सगळ्या खोलीची. मीरांग तोंडावर हात धरून हसली, आणि हसता हसता रडू लागली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि पेज आणायला सांगितली.

पेज आली. गुरुजींनी चमचा उचलला नाही. बांगच्या बायकोचा डबा मीरांगपुढे सरकवून म्हणाले, "आधी तू."

"असं कसं, मामंजी?"

"नियम माझा होता. मोडणार पण मीच."

ती तशीच बसून राहिली. पेज निवत चालली. गुरुजींनी हात पांघरुणाखाली घेतले, आणि सुनेने पहिला घास गिळेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.