एरंडेलानं चिकटलेली गाडी

शेताची वाटणी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, पितळेच्या भांड्यांचे दोन ढीगसुद्धा लागले. घोडं अडलं ते गव्हाच्या खोलीतल्या मोटरसायकलीवर.

मला दोन मुलगे. मोठा बोलायला कमी आणि हिशेबाला पक्का. धाकटा तोंडाळ. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही. दोन सुनांची रोजची कुरकुर ऐकण्यापेक्षा मध्ये भिंत घातलेली बरी. भीती होती ती कोर्टाची. माझी शाळा चौथीत सुटली ती माहेरच्या वाटणीच्या केसपायी. बाप आणि काका तारखेला धुळ्याला जायचे, एकाच एसटीत, एक पुढच्या बाकावर आणि एक मागच्या. आई शेतात. मग गुरं आणि लहान भावंडं कोण बघणार? मी. निकाल लागला तेव्हा माझीच पोरं शाळेत जायला लागली होती आणि अर्धं शेत वकिलांनी खाल्लं होतं. आता माझ्या दोघांनीही शहाद्याला जाऊन आपापला वकील बघून ठेवला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण घरात राहिलं की कळतं.

गाडी त्यांच्या बापाची. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, लाल टाकी, पुढे वाकून चालवायची. तिच्या आवाजानं म्हशी दूध चोरायच्या. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. तो आजारी पडला तेव्हा त्यानं ती गव्हाच्या खोलीत लावली आणि मला सांगितलं, वर्षातून एकदा प्लग काढून आत थोडं तेल सोडत जा, नाहीतर गंज धरेल. तो गेला. डब्यात राहिलेलं गाडीचं तेल दोन वर्षांत संपलं. पुढे मी उन्हाळ्यात गव्हाला एरंडेल चोळून तो कोठीत भरला की उरलेलं एरंडेल गाडीत ओतायचे. एरंडेलानं गव्हाला किडा लागत नाही, बैलगाडीचा आस करकरत नाही, तर लोखंडाला काय होणार होतं?

पंच म्हणून चुलत दीर आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. ही गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद झाली असली तरी सुरत-पुण्याकडची हौशी पोरं अशा गाड्या शोधत फिरतात, हे त्यांनाही ऐकून माहीत होतं. मोठा म्हणाला, गाडी मी घेतो, पण भंगारात धरा. धाकटा उसळला. त्याचं म्हणणं, गाडी चालती असेल तर ती आणि ट्रॅक्टरची ट्रॉली सारख्या मोलाच्या. गाडी दादानं घ्यावी, ट्रॉली आपल्याला द्यावी. भंगार असेल तर ट्रॉलीत दोघांचा निम्मा वाटा. आबांनी ठरवलं, मिस्त्री बोलवा. त्यानं इंजिन फिरवून दाखवलं तर चालती, नाही फिरलं तर भंगार. दोघं हो म्हणाले. धाकट्यानं जाता जाता ऐकवलं, मिस्त्री विकत घेतलेला निघाला तर सरळ कोर्टात जाऊ.

मिस्त्री खापर गावचा होता, दोघांच्याही ओळखीचा नसलेला. त्यानं गाडी अंगणात काढली, टाकी उतरवून लांब ओट्याखाली ठेवली आणि किकवर पाय ठेवला. किक हलली नाही. त्यानं जोर लावला नाही, पाय काढून घेतला. धाकट्याचा चेहरा पडला. मोठा भिंतीला टेकून उभा होता, तो जागचा हलला नाही.

मिस्त्रीनं प्लग काढून आत काडी घातली. बाहेर आली ती मधासारख्या चिकट चिकानं माखलेली. त्यानं ती नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

"माय, येन्हामा काय टाकेल शे?"

"एरंडेल. दरसाल."

त्यानं काडी मातीत पुसली. मग म्हणाला, इतकी वर्षं गाड्या उघडतोय, पण तळलेली गाडी आज पाहिली. आबा हसले. मुलं हसली नाहीत. एरंडेल जुनं झालं की डिंकासारखं धरतं, हे मिस्त्रीनं समजावून सांगितलं. पिस्टन त्यात चिकटला होता. गंज आहे की नाही, ते तो सुटल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि घाई करून किक मारली तर आतली रिंग तुटेल, मग गाडी खरोखरच भंगार.

धाकटा माझ्यावर घसरला. बापाच्या गाडीचं लोणचं घातलं म्हणाला. मी म्हटलं, तुला प्लग कुठे असतो ते तरी माहीत होतं का? मोठा एवढंच म्हणाला, "मी काय सांगतो? लोखंड शे नुसतं."

डिझेल ओतून पाहिलं, फरक नाही. मिस्त्रीला स्पिरिट पाहिजे होतं, ते गावात कुठे मिळणार? मग तोच म्हणाला, मोहाची चालेल, पहिल्या धारेची असली तर. आमचा सालदार गडी तोरणमाळच्या डोंगराकडचा. त्याला विचारलं तर तो लाजला, पण बाटली घेऊन आला. आमच्या ओट्यावर दारूची बाटली उघड्यावर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मोठी सून पदर नाकाला लावून आत गेली, आबांचं लक्ष मात्र बाटलीवरून हटेना.

मिस्त्रीनं प्लगच्या दोन्ही भोकांत दारू सोडली. वरून कढत पाण्यात भिजवलेलं गोणपाट इंजिनाला गुंडाळलं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं जरा पुढे, जरा मागे. चाक दगडासारखं. पुन्हा दारू, पुन्हा कढत पाणी. ऊन चढत गेलं. कोणी जेवायला उठेना. एक उठला तर दुसरा गाडीला काहीतरी करेल, असं दोघांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी भाकरी वाढून ठेवली, तिच्यावर माशा बसल्या. धाकट्यानं दोनदा फोन काढून पाहिला. वकिलाचा असणार, दुसरं कोण त्याला त्या वेळी फोन करणार?

पाणी निवलं म्हणून मिस्त्री गोणपाट घेऊन चुलीकडे गेला. तेवढ्यात धाकट्याचा धीर सुटला. ठिबकच्या नळ्या गरम करायची, ज्वाळा सोडणारी गॅसबत्ती त्यानं शेडमधून आणली होती, ती पेटवून इंजिनाच्या सिलिंडरला लावली. पाण्यानं कुठवर तापवत बसणार, म्हणाला. इंजिनावर दारू सांडलेली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. दारूची आग उन्हात दिसत नाही. मला फक्त एवढं दिसलं की गाडीच्या वायरी वळवळायला लागल्या आणि सीटचा कोपरा काळा पडला.

"पेटनी! दूर व्हय!" मोठा ओरडला. त्यानं धाकट्याला ढकललं, बाटली लाथेनं लांब उडवली आणि न दिसणारी ती आग दोन्ही तळहातांनी थापटायला लागला. हात काढ म्हणून मी ओरडले, पण त्याला ऐकू गेलं नाही. मिस्त्री धावत आला आणि त्यानं ओलं गोणपाट टाकलं, तरी मोठ्यानं वरून हात दाबून धरले होते. गोणपाटातून वाफ निघत होती.

त्याचे हात मीच घागरीत बुडवले. कातडी सुटली होती. तो गाडीकडे बघत होता. धाकटा बत्ती विझवून तसाच उभा राहिला, पांढराफटक.

मी मोठ्याला विचारलं, "भंगार शे ना? मंग हात कसाले जाळा?"

त्यानं मान खाली घातली. आबा ओट्यावरून खाली आले. ते त्याच्यासमोर उभे राहिले. आता हा काय बोलतो, यावर सगळं होतं. गाडी मोलाची आहे हे त्यानं कबूल केलं नसतं तर धाकटा त्याच दिवशी शहाद्याला गेला असता. आग लावल्याबद्दल मोठ्यालाही तक्रार करता आलीच असती.

"चालती धरा," मोठा म्हणाला. "ट्रॉली त्याले द्या."

इंजिन फिरलं नव्हतं तरी. आबांनी धाकट्याकडे पाहिलं. तो भावाजवळ येऊन घागरीशी बसला. म्हणाला, "दादा, हात दखाड." मोठ्यानं हात पाण्यातून काढले नाहीत.

मिस्त्रीला या कशाचं काही पडलेलं नव्हतं. गाडी गरम आहे तोवर बघू म्हणून त्यानं चाकाला हात घातला. मागे, पुढे, मागे. कट्ट असा आवाज झाला आणि चाक फिरलं. प्लगच्या भोकातून काळा चीक बाहेर आला. त्यानं आत बॅटरी मारून पाहिलं. गंजाचा ठिपका नव्हता. फिरलं म्हणून त्यानं सांगितलं, पण तोवर आबांनी दोघांचे अंगठे कागदावर घेतले होते. मोठ्याचे तळहात भाजलेले, पण डावा अंगठा वाचला होता, त्याचा घेतला.

वायरी नवीन घालून, कार्बोरेटर धुऊन गाडी सुरू व्हायला बरेच दिवस गेले. अंगणात तोवर भिंत कमरेइतकी आली होती. मोठ्यानं हाताला फडकं बांधूनच किक मारली. गाडी सुरू झाली ती धुराचा लोट सोडत. साऱ्या गल्लीत एरंडेल तळल्याचा वास. मी खोकत बाज उचलून मागच्या दाराशी नेली.

धाकटा भिंतीपलीकडे ट्रॉलीला वंगण करत होता. तो उठून भिंतीशी आला. "लई बोंबली ऱ्हायनं तुन्हं भंगार," तो म्हणाला.

मोठ्याला आवाजात ऐकू गेलं नसावं. त्यानं गाडी बंद केली. "काय म्हनना?"

धाकट्यानं पुन्हा तेच सांगितलं. मोठ्यानं परत किक मारली.