खेचराचं मेडल

लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. कल्याणहून शहाडला जाणाऱ्या टांग्यात माझ्या शेजारी एक तरुण शिपाई होता. रजेवर आलेला, आणि थेट मुलगी बघायला निघालेला. भर उन्हाळ्यात अंगात लोकरी कोट. छातीवरचं ब्रह्मदेशच्या लढाईचं मेडल दर खड्ड्यानंतर अंगठ्याने पुसायचा.

"ब्रह्मदेशात काय केलंत?"

"खेचरं सांभाळली."

मी शहाणा! म्हटलं, "मुलीच्या बापाला सांगा, तोफ चालवली."

"अहो, तोफ डोंगरावर नेली कुणी? खेचरांनी खाल्ल्याशिवाय आम्ही जेवत नसू. मेडल त्यांचंच. त्यांना कोट नाही, म्हणून मी लावतो."

इतक्यात टांग्याचा घोडा अडला, पुढची वाट पायीच धरावी लागली. नवरदेवाचा कोट मळू नये म्हणून त्याची ट्रंक मीच पाठीवर घेतली.

दारात मुलीच्या बापाने विचारलं, "लढाईत काय करायचात?"

"खेचरं सांभाळायचो!" तो छाती काढून म्हणाला. आतून बांगड्या वाजल्या, कुणीतरी खुदकन हसलं.

"माणूस खरं बोलतो. पोहे आणा गं!" म्हणत बापाने माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

शिपायाने माझी घामेजलेली पाठ मायेने थोपटली. "हे वाटेत भेटले. ओझं मात्र झकास वाहतात."

पोह्यांची पहिली बशी आली, ती त्याने आधी माझ्यापुढे सरकवली.