बाबांची आणि माझी एकच सीट

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं बूड कित्येक महिने एकाच कारणाने दुखत होतं, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना त्याचा पत्ता लागू दिला नाही.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. सकाळी बुद्धवंदना झाली, खीर झाली, नातेवाईक येऊन गेले. त्यांच्यासमोर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितोय.

बाबा म्हणजे प्रज्ञाचे, माझ्या बायकोचे वडील. मूळ नागपूरचे, नोकरी सगळी दिल्लीत, मंत्रालयात. रिटायर झाल्यावर मयूर विहारला आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले.

मला 'जावईबापू' म्हणायचे. कितीही सांगितलं तरी 'तुम्ही' सोडलं नाही.

डॉक्टरने त्यांना शुगरसाठी सायकल सांगितली. मला पोटासाठी प्रज्ञाने सांगितली. गुरुग्रामच्या ऑफिसात बसून बसून ते वाढलं होतं.

दोघांत एकच सायकल घेतली. सकाळी बाबा, संध्याकाळी मी.

बाबा सहा फूट. मी त्यांच्या खांद्याला लागतो.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की सीट मला उंच आहे. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत होती. वर सीटचं नाक आभाळाकडे. ते कुठे टोचत होतं हे लिहीत नाही, सासूबाई पोस्ट वाचणार आहेत.

पण सीट बाबांनी लावलेली ना. सासऱ्याने लावलेल्या सीटला जावयाने पाना कसा लावायचा?

मी गुपचूप जेलचं कव्हर मागवलं आणि चढवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरा टॉवेल, व्यवस्थित घडी घालून. दिल्लीत मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर असतो ना, अगदी तसाच. म्हटलं, बाबांची जुनी सवय, असू दे यार.

टॉवेल घसरायला लागला म्हणून मी खाली फोमचा तुकडा घातला. बाबांनी वर अजून एक टॉवेल घातला. जेवढं मऊ करत गेलो तेवढं बूड आत रुतत गेलं आणि दुखणं वाढत गेलं.

गेटवरच्या गार्डने एकदा विचारलंच, "साहब, ये साइकिल है या सोफा?"

मग तो रविवार आला. बाबा आणि सासूबाई आमच्याकडे जेवायला.

मी म्हटलं, बाबा, बसा ना. ते म्हणाले, नाही नाही, आधी तुम्ही. मी म्हटलं, असं कसं, तुम्ही मोठे. ते म्हणाले, मी आत्ताच बसून आलोय.

सोफा रिकामा, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर लग्नात फोटोला उभं राहतात तसे उभे.

प्रज्ञा पोळ्या घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली. "तुम्हा दोघांना बसायला काय झालंय?"

बाबा पंख्याकडे बघायला लागले. मी बाबांकडे.

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. बाबांना सीट खूप खाली होत होती, गुडघे धरले होते. पण त्यांना वाटत होतं, जावईबापूंनी स्वतःच्या मापाने लावली आहे, कव्हरही त्यांच्याच आवडीचं, आपण कसं काढायचं?

प्रज्ञा हसून हसून सोफ्यावर बसली. घरात ती एकटीच नीट बसू शकत होती.

"अरे, सीट दुकानदाराने लावली होती," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी तिला हात तरी लावला का?"

कुणीच नव्हता लावला.

जेवण बाजूला ठेवून आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये. सगळे थर काढले. नाक सपाट झालं की नाही बघायला बाबांनी सीटवर पोळपाट ठेवला, पोळपाटावर लिंबू. लिंबू घरंगळायचं थांबलं तेव्हाच त्यांनी पाना खाली ठेवला. तेच लिंबू सासूबाईंनी पुढे वरणाबरोबर वाढलं. मी नको म्हटलं.

मग उंची. सायकल बाबांनी धरली, मी बसलो. पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, आणि पाय सरळ व्हायला हवा.

"आता कसं वाटतंय?"

"ठीक आहे, बाबा."

"जावईबापू, 'ठीक आहे' फाइलवर चालतं, सीटवर नाही. कुठे दुखतंय ते सांगा."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना खरं सांगितलं. "एक सूत खाली घ्या."

त्यांनी घेतलं. मग त्यांची पाळी. सीटखालच्या दांड्यावर प्रज्ञाच्या नेलपॉलिशच्या दोन रेघा मारल्या. वरची त्यांची, खालची माझी.

पुढच्या रविवारी बाबा सायकलने कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये पोहे खायला गेले, मी मेट्रोने. पोहे आम्ही बसून खाल्ले. दोघांनीही.

मागच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये मात्र बाबांनी पुन्हा सुरू केलं. डॉक्टर विचारायचे, ठीक आहे. प्रज्ञा विचारायची, ठीक आहे. ती बाहेर जाऊन रडायची, कारण तिला काही करताच येत नव्हतं.

एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बाबा, 'ठीक आहे' फाइलवर चालतं."

 ते हसले, जेवढं हसता येत होतं तेवढं.

"पाठीत दुखतंय," म्हणाले. "खूप. डोक्याकडची बाजू जरा खाली घ्या."

मी पलंगाचा दांडा फिरवला.

"अजून?"

"एक सूत."

मी फिरवला. त्यांनी डोळे मिटले. "बस. आता बरं आहे." मी बाहेर जाऊन प्रज्ञाला आत बोलावलं.

आज संध्याकाळी सीट वरच्या रेघेवर घेतली आणि सोसायटीला एक चक्कर मारली. पाय पोचत नाहीत. प्रज्ञा बाल्कनीतून ओरडली, पडशील.

खाली उतरलो आणि सीट तिथेच राहू दिली.

बाबा, वर्ष झालं. सगळे विचारतात, मी सगळ्यांना 'ठीक आहे' म्हणतो. तुम्हाला नाही म्हणणार.

दुखतंय, बाबा. खूप.

जयभीम.