मनाचं शिबिर

"शेजारणीचा हात हातात घ्या," पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी हात पुढे केला. शेजारी सरपंचांची सून होती. तिनं आपला हात पदराखाली घेतला. रागावली नाही. फळ्याकडे बघत राहिली. माझा हात तसाच. रिकामा. सगळ्या बायकांनी बघितलं, आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही भिंतीशी बसून नुसतं बघा. तुम्हाला तुमच्याच वाडीत काम करायचंय ना."

मी भिंतीशी जाऊन बसले.

ऐंशीनंतरची सालं. रत्नागिरीजवळचं आमचं गाव. उन्हाळा सरता सरता गॅस्ट्रोची साथ आली. जुलाब-उलट्यांनी माणसं जात होती, उरलेली भीतीनं खचत होती. म्हणून शाळेत शिबिर काढलं. वाडीवाडीतून एक बाई घ्यायची. तिनं घरोघर जाऊन माणसांचं ऐकायचं, त्यांना धीर द्यायचा. बौद्धवाडीतून मी. सातवी शिकलेली तिथं मी एकटीच.

मी आले होते सुशीलासाठी. माझी धाकटी जाऊ. नुकती चालायला लागलेली तिची मुलगी साथीत गेली. दीर मुंबईला गोदीत. तो पोचेपर्यंत पोरीला माती देऊन झाली होती. तेव्हापासून सुशीला दारात बसून असायची. एकच बोलायची, "बाय, मीच पाजलं गं तिला पाणी."

कुठलं पाणी? गावची विहीर वरच्या वाडीत. बांधलेली, औषध टाकलेली. आमची घागर तिथं चालत नव्हती. आम्ही खालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोरड्या पात्रात खड्डा खणायचो आणि वाटीवाटीनं गढूळ पाणी भरायचो. गुरंही तिथंच प्यायची.

दुपारी बाई म्हणाल्या, "काही विचारायचंय कुणाला?"

मी उठले. "माझी जाऊ म्हणते, मीच पोरीला मारलं. तिनं पऱ्याचं पाणी पाजलं. विहिरीवर आम्हाला येऊ देत नाहीत. तर मी तिला काय सांगू?"

सरपंचांच्या सुनेनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"हे बघा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे मनाचं शिबिर आहे. विहिरीचं नाही. तिला सांगा, जे झालं त्याला इलाज नव्हता."

"इलाज होता. विहिरीत, दोरीभर खाली होता."

"खाली बसा तुम्ही."

नाही बसले. म्हटलं, "हे खोटं मी तिला सांगायची नाय." आणि बाहेर पडले. मागून कुणी हाक मारली नाही. खिडकीतून बाईंचा आवाज येत होता. डोळे मिटा. सावकाश श्वास घ्या.

घरी येऊन मी सुशीलाला खरं ते सांगितलं. "तू नाय मारलंस तिला. ज्यांनी विहीर अडवली त्यांनी मारलं."

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना कोण विचारणार, बाय?"



पावसाळ्यात तिनं जेवण सोडलं. रात्री-अपरात्री पऱ्याकडे धावायची. दिरानं तिला रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. ती परत आली नाही. तिथंच गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा साथ. पुन्हा शिबिर. ग्रामसेवक आमच्या अंगणात आले. "तुम्हाला बोलता येतं. लोकांना धीर द्यायला या."

मी म्हटलं, "नाय येत."

त्या दिवसापासून कुणालाही 'धीर धर' म्हटलं नाही. म्हणणारही नाही. ज्या बाईचं पोर गेलं, तिच्याजवळ मी बसते. ते कशानं गेलं आणि कुणामुळं गेलं, ते तिला सांगते. ती रडते. मग तिला राग येतो. तो राग मी निववत नाही. अशा रागावलेल्या बायका घेऊन मी विहिरीवर जाणार. घागरी फुटतील, डोकीही फुटतील. फुटू देत.