पंपामागच्या तीन रिंगा

नाकोबाचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी कुणी वापरणार नाही. कुणाच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की गॅसवाल्याच्या आधी नाकोबाला हाक जायची. तो दारात उभा राहून डोळे मिटायचा, दोनदा हुंगायचा आणि सांगायचा, "शेगडीमागची नळी. डावं टोक." नळी डाव्या टोकालाच चिरलेली निघायची. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी नाक मोठं आहे एवढंच दिसलं होतं. ते चालू आहे हे कुणी सांगितलं नव्हतं."

या नाकावरच त्याने तेहतीस वर्षं नोकरी केली. विमानाची इंजिनं तपासायचा कारखाना. हातभर जाडीच्या भिंतींची खोली, तिच्यात लोखंडी चौकटीला आवळलेलं इंजिन, आणि बाहेर जाड काचेआड आकडे बघत बसलेली माणसं. इंजिनाला पंख नाहीत, चाकं नाहीत. जागच्या जागी गर्जायचं आणि गप्प व्हायचं. "आमच्या ह्यांच्यासारखंच," इति बायको. इंधन कुठे गळतंय का हे पांढरा कागद दाबून बघायचा नियम होता. नाकोबा आधी हुंगायचा, मग कागद दाबायचा, आणि कागदाची त्याला विरोध करायची कधी छाती झाली नाही.

एकुलत्या मुलीने रसायनशास्त्र घेतलं तेव्हा तो तिला साहेब म्हणायला लागला. "साहेब, चहा घेणार की संशोधन चालू आहे?" साहेबांनी पुढे कमालच केली. खाणावळींतून तळणीचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं विमानाचं इंधन करायला घेतलं. गल्लीला तर विषयच मिळाला. "काय हो नाकोबा, विमान डोक्यावरून गेलं की भूक लागणार म्हणायची!" पोरगी हसायची आणि बाटली पुढे करायची. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. नाकोबाने पहिल्यांदा हुंगलं तेव्हा त्याला कसलाच वास आला नाही. तो जरा ओशाळला. आणि पोरीला वाटलं, बाबा कौतुकाने गप्प झाले.

चार वर्षांनी ते इंधन इंजिनात घालून बघायची तारीख ठरली, तीही बापाच्याच खोलीत. मोठे अधिकारी बाहेरून येणार होते आणि त्यांना तेवढा एकच दिवस मोकळा होता. तो हुकला तर पुढची संधी वर्षाने. "मुलीचं इंधन बाप तपासणार, हे बरं दिसतं का?" असं कुणी विचारलं तेव्हा नाकोबा म्हणाला, "इंजिनाला नातीगोती कळत नाहीत." यावर सगळे हसले.

नवं इंधन घालण्याआधी इंधनाच्या वाटेवरच्या सगळ्या रबरी रिंगा बदलायच्या, हा मुलीनेच लिहून दिलेला नियम. जुन्या इंधनात रबर फुगून सांध्यात घट्ट बसलेलं असतं. नव्यात ते आकसतं आणि सांधा गळतो. नवीकोरी रिंग असेल तर काही होत नाही. एकूण चौदा रिंगा. नाकोबाने अकरा बदलल्या. उरलेल्या तीन पंपाच्या मागे होत्या. तिथे हात घालायचा तर पंप उतरवायला हवा, म्हणजे दोन दिवस गेले, म्हणजे तारीख गेली. त्या तीन त्याने स्वतःच सहा महिन्यांपूर्वी घातल्या होत्या. नव्याच म्हणायच्या की! त्याने कागदावर चौदाही रिंगांपुढे टिक केली. मग हळू दाबाने इंधन सोडून पंपाशी नाक नेलं. वास नाही. कागद दाबायला हात आत जात नव्हता. गळती नाही, असं लिहून त्याने सही केली.

चाळिसाव्या मिनिटाला पंपामागून ज्वाळा निघाली. फेसाने खोली भरली, इंजिन बंद झालं. कुणाला खरचटलंही नाही, पण पंपाची ती बाजू जळून काळी झाली.

पुढे चौकशी समिती बसली. तिचा हिशोब सरळ होता. सांधा गळला. सांध्यात रिंगा नव्या होत्या. म्हणजे हे इंधन नव्या रबरालाही खातं, म्हणजे ते विमानाच्या कामाचं नाही. एका म्हाताऱ्या सदस्याने तेवढ्यात मुलीला विचारलं, "रिंगा नक्की बदलल्या होत्या ना? तुम्ही स्वतः पाहिल्या?"

"माझ्या बाबांची टिक आहे," ती म्हणाली. "ती पाहिल्यासारखीच आहे."

हे तिनेच बाहेर येऊन सांगितलं. बाकावर बसलेल्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्यावर काही येऊ दिलं नाही मी." नाकोबाने तिची पिशवी उचलली.

मुलीची प्रयोगशाळा दोन आठवड्यांत बंद झाली. यंत्रं दुसरीकडे गेली, हाताखालची माणसं पांगली, आणि ती आपलं सामान घेऊन घरी आली. सामानात काचेच्या चाळीस बरण्या. प्रत्येकीत तिचं इंधन आणि एक नवीकोरी रिंग. खिडकीत, फ्रिजवर, कपड्यांच्या कपाटात बरण्याच बरण्या.

"लोकांच्या घरी बरणीत खायचं असतं," आई म्हणाली.

"आई, यातली एक तरी बिघडेल. बिघडली की मला कळेल माझं कुठे चुकलं."

रोज सकाळी ती चिमट्याने एकेक रिंग काढायची, मोजायची, वहीत लिहायची. तीन महिने झाले. एकही बिघडली नाही. बिघडणार कशी? आणि नाकोबा समोर चहा पीत बसायचा. एकदा मान खाली घालूनच त्याने विचारलं, "साहेब, आज काही?" ती म्हणाली, "मला मोजताच येत नसेल बाबा. आकडे चांगलेच येतात. म्हणजे मीच कुठेतरी चुकतेय."

मग एका सकाळी तिने वही मिटली. "शाळेत शिकवायची जागा आहे. हो म्हणून टाकते. हे आपलं काम नाही, एवढं कळलं, खूप झालं."

नाकोबाचा कप बशीवर वाजला. "रिंगा जुन्या होत्या," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"पंपामागच्या. तीन. मी बदलल्या नव्हत्या."

आई ओट्याशी पाठमोरी होती, ती वळली. "अहो, काय बोलताय?" मुलगी मात्र ओरडली नाही. कामाच्या ठिकाणी परक्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "किती तास चाललेल्या?"

"दोनशे दहा."

तिने आकडा लिहून घेतला. मग खिडकीतल्या बरण्यांकडे बघितलं. "तीन महिने तुम्ही इथे बसून हे बघत होतात," ती म्हणाली.

तिने समितीला लिहायला कोरा कागद घेतला. नाकोबाला कचेरीची भाषा कधी जमली नाही. त्याचे सगळे अर्ज तीच लिहायची. हाही तिनेच लिहिला, त्याच्या वतीने, एकेक वाक्य मोठ्याने वाचत. चौदापैकी अकरा बदलल्या. उरलेल्या तीन बदलल्याची खोटी नोंद केली. गळतीची तपासणी नियमाप्रमाणे केली नाही.

"आता इंधन परत घेतील ना तपासायला?" त्याने विचारलं.

"कशात? खोली दुसऱ्यांना दिली, माणसं गेली. पण कागदावर खोटं राहू नये."

"मग एवढं घाल. तुझी तारीख चुकू नये म्हणून केलं."

"ते घालता येत नाही."

"का?"

"कारण कुणी विचारलेलं नाही." ती थांबली. "आणि ते वाचून मला वाईट वाटेल."

त्याने सही केली. साक्षीदाराच्या जागी तिने आईपुढे पेन धरलं.

"तूच कर की," आई म्हणाली.

"मला नाही करता येणार. त्या दिवशी मीही खोटंच बोलले. रिंगा बघायला हव्या होत्या. मी बाबांची टिक बघून हो म्हटलं."

आईने सही केली आणि पदराने कागदावरचा थेंब टिपला. तो कुणाचा होता हे कुणी विचारलं नाही. मुलीने कागद पाकिटात घातला, चप्पल पायात सरकवली.

"मी येतो सोबत," नाकोबा म्हणाला. तो शर्टाची बटणं लावायलाही लागला होता.

"नको. समितीपुढे एकेकालाच सोडतात."

असा काही नियम नाही. तेहतीस वर्षं त्या कारखान्याच्या फाटकातून आत गेलेल्या माणसाला तेवढं माहीत असतं. "हो का," तो म्हणाला, "मग बरोबर आहे." आणि लावलेली बटणं एकेक करून काढत तो दारातच उभा राहिला.