आतला क्रमांक सोळा

पनवेलच्या नशरा मुकादमने २०१५ साली लग्नासाठी नोकरी सोडली, असे तिचा मालक हितेश आजही सांगतो. राजीनाम्यात लग्नाचा उल्लेख नाही. मी तो दोनदा वाचला आहे.

हितेशच्या कंपनीने एका दवाखान्यासाठी घरबसल्या नंबर लावण्याचे ॲप केले होते. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी कोड एकच. म्हणून उघडताच ॲप फोनला त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती विचारी आणि उत्तर पाहून नवी किंवा जुनी पद्धत वापरी. ही तपासणी नशराने लिहिली होती. काही फोनांवर मात्र ॲप उघडताक्षणी बंद पडू लागले. त्यांत तिची आई बिल्कीस हिचाही फोन होता.

“कोड तुमचा, फोनपण तुमच्या घरचा,” हितेश सगळ्यांदेखत म्हणाला. “मग चूक काय माझ्या आजोबांची? सोमवारपर्यंत शोधा, नायतर डबा उचला.”

बिल्कीसचा फोन स्वतःची आवृत्ती ४.४ सांगे. नशराने त्याच्या सॉफ्टवेअरचा, सहसा न दिसणारा, आतला क्रमांक काढला: १६, म्हणजे प्रत्यक्षात ४.१. खोट्या उत्तरावर विसंबून ॲप नवी पद्धत वापरी आणि बंद पडे. फोन बनावट होता. नशराच्या भावाने, फहादने, तो शारजाहून आणला होता. तसलेच फोन त्याने आणखी चार नातलगांना दिले होते.

“भाईने मुहब्बतीने दिलेली चीज तपासतेस?” बिल्कीस कडाडली.

“अम्मी, त्यालाच कुणीतरी फसवलंय.”

“असेल. पण मोहल्ल्यात चकार शब्द काढायचा नाही!”

सोमवारी नशराने दुरुस्ती दाखवली. फोन काय सांगतो ते सोडून आतला क्रमांक पाहायचा आणि जुन्या पद्धतीने ॲप उघडायचे. दोन ओळींचे काम. हितेशला दुसरेच सुचले.

“लाल अक्षरांत टाका, ‘तुमचा फोन बनावट आहे’. आणि ॲप बंद. क्लायंटला कळू दे चूक कोणाची ती.”

“चार माणसांत अम्मीच्या हातात हे झळकणार?”

“खोटं हाय का?”

“नाही. पण तिला नंबर हवाय, पंचनामा नको. आणि सर, फोनच्या शब्दावर भरवसा मी ठेवला. चूक माझी होती, तिची नव्हे.”

“लिहायचं नसेल तर दरवाजा उघडा आहे.”

कोडच्या नोंदींत त्या दुपारी नशराच्या त्या दोनच ओळी जमा झालेल्या दिसतात. लाल वाक्य कुठेही नाही. राजीनामाही त्याच तारखेचा आहे: “ज्याने हे फोन बनवले त्याला जाब विचारण्याची तुमची छाती नाही. त्याच्या लबाडीची शिक्षा माझ्या आईला देणारे वाक्य मी लिहिणार नाही.”