सवतीचं माहेर

घाई नावाची गोष्ट ज्याच्या वाटेला आयुष्यात एकदाही गेली नाही, असा मनुष्य मी एकच पाहिला. आणि गंमत अशी की तो दोह्यात गाडी चालवत होता. दोह्याचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातलं धाडस लगेच कळेल. मागून डोंगराएवढ्या पांढऱ्या गाड्या दिवे मारत अंगावर येत असतात, आणि आमचे खालू सगळ्यांत कडेच्या लेनमधून, खिडकीबाहेर कोपर काढून, मासळीबाजारात पापलेटं बघत फिरावं तसे चाललेले असतात. एकदा पोलिसाने त्यांना थांबवलं आणि काळजीने विचारलं, गाडी बिघडली आहे का? खालू अरबीत म्हणाले, "नाही साहेब, गाडी उत्तम आहे. मी घरी चाललोय." पोलीस थोडा वेळ विचार करत उभा राहिला. घरी जाणं हा गुन्हा ठरत नसल्यामुळे शेवटी त्याने त्यांना जाऊ दिलं.

खालू म्हणजे मावशीचा नवरा. तसे ते माझे कोणीच नव्हते. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान आणि मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचा. पण दोह्याच्या मुऐदर भागात आम्ही ज्या व्हिलात राहायचो तिथे त्यांना सगळेच खालू म्हणत. अनेक वर्षांपूर्वी त्यांची बायको व्हिजिट व्हिसावर काही आठवडे इथे आली होती. एका खोलीच्या पार्टिशन टाकून तीन खोल्या केलेल्या त्या घरात तिने सगळ्या एकट्या पुरुषांना रोज मासळी-भात रांधून वाढला. तेव्हापासून ती सर्वांची खाला झाली आणि ओघाने हे खालू झाले. खाला परत गेली. नातं तेवढं मागे राहिलं, आणि पुढे आलेल्या माझ्यासारख्यांना ते आयतं मिळालं.

मी दोह्यात उतरलो तेव्हा माझ्याजवळ इंजिनियरिंगची पदवी होती आणि दुसरं फारसं काही नव्हतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. त्याआधी विमान मी फक्त खालून पाहिलं होतं. कुणाच्या तरी ओळखीतून कुणीतरी खालूंना सांगितलं होतं, म्हणून ते विमानतळावर आले होते. पिस्ता रंगाची, माझ्या वडिलांच्या वयाची ती जर्मन गाडी पाहून मला वाटलं, हा कोणी मोठा शेठ असणार. मग आम्ही निघालो. निघालो ते चाललोच. मी मनात म्हटलं, नोकरी बहुतेक शेजारच्या देशात असावी. गाडीत एसी नव्हता. खालूंनी एक ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकला, दुसरा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "अरे बावा, उतरायची घाई नाय करायची. एकदा उतरलास की कामच हाय पुढं." त्या पंच्याखाली मला आईची फार आठवण झाली आणि रडू आलं. पाणी तसंही तोंडावरून ओघळतच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. खालूंना कळलं असावं, कारण त्यांनी उगाचच आणखी एक वळसा घेतला.

त्यांचं काम मंदूबचं. म्हणजे एका अरबी मालकाच्या कंपनीतल्या लोकांची सरकारी कामं करून आणायची. कुणाचा व्हिसा, कुणाचा परवाना, कुणाच्या बोटांचे ठसे. सगळं दोहा रांगेत पुढे घुसायला बघत असे तेव्हा खालू मागच्याला हसून म्हणत, "तुम्ही जावा पुढं." सगळ्यात शेवटी उभा राहणारा माणूस म्हणून त्यांना सरकारी ऑफिसांत भलता मान होता. खिडकीवरचे कारकून काम आटोपल्यावर त्यांच्याशी निवांत गप्पा मारत, खजूर पुढे करत आणि तेवढ्यात त्यांचे कागद करून टाकत. "यल्ला यल्ला करणाऱ्याचं काम कधी होत नाय," असं ते मला सांगायचे; यल्ला म्हणजे अरबीत 'चला, लवकर'. मुशैरिब भागातल्या माझ्या ऑफिसात साहेबांपुढे मी हे तत्त्व एकदाच आजमावून पाहिलं. पुन्हा तसा विचार केला नाही.

गाडी त्यांना मालकाने दिली होती. मालकाच्या वडिलांनी हौसेने आणलेली, मग अंगणात धूळ खात पडलेली. खालूंनी तिला उभी केली. शुक्रवारच्या नमाजानंतर ते तिला अंघोळ घालत. कुणी तिचं दार जोरात लावलं तर, "अरे, तिला लागतं," म्हणत. गावाकडे खालाने तिचं नाव 'सवत' ठेवलं होतं, आणि खालूंनीही ते तक्रार न करता मान्य केलं होतं. मला म्हणायचे, "इंजिनियर, यल्ला, सवतीला हवा दाखवून आणू." मग आम्ही दुखानला जायचो, अल खोरला जायचो. कुठेही गेलं तरी शेवटी समुद्र यायचा. खालू इंजिन बंद करून पाण्याकडे बघत बसायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "ह्या मुलकात एकच वाईट. रस्ता चांगला लागतो न लागतो तोच मुलूख संपतो."

आता आखाती माणसाची एक रीत सांगितली पाहिजे. इथून गावाला काहीही पाठवायचं तर ते कुणाच्या तरी हाती पाठवायचं. जो सुट्टीवर निघेल त्याच्या बॅगेत सगळ्यांचं थोडं थोडं जातं, आणि येताना सगळ्यांचं थोडं थोडं येतं. खालूंनी संसार हातीच केला. साबण, टॉर्च, अत्तर, मुलांचे बूट इकडून जात; कोकम, सुकट, फणसपोळी तिकडून येई. फणसपोळी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ती खायची की बुटाच्या तळाला लावायची हे मला समजलं नव्हतं. वस्तूंबरोबर निरोपही हातीच जात. "तिला सांग, छपराचं काम पावसाआधी कर." "त्यांना सांग, झालं कधीच." पुढे फोन आले, फोनवर चेहरे दिसू लागले, पण या दोघांची सवय गेली नाही. दोघं फोनवर समोरासमोर आली की "बरी हायस ना?" "बरी आहे. तुम्ही?" एवढं होऊन दोघंही गप्प. मग खालू फोन माझ्या हातात देत आणि आपण बाजूला बसून मला सांगत, तिला काय सांगायचं ते. तिकडून खाला म्हणे, "पोरा, त्यांना सांग..." आणि ते तर शेजारीच बसलेले. मी उगाच मधे पोस्टमनसारखा.

साठी उलटल्यावर खालूंची नोकरी संपली. नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनीच कितीजणांना कागद करून परत पाठवलं होतं. बाकी सामान दोन पेट्यांत मावलं. प्रश्न सवतीचा होता. डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली गाडी आपल्याकडे नेता येत नाही. एका श्रीमंत पोराने ती मागितली. दिवाणखान्यात शोभेला ठेवणार होता. खालू त्याला म्हणाले, "ती चालती हाय अजून, बेटा," आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग एका शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं, "इंजिनियर, मी तिला तिच्या माहेरी सोडून येतो. जर्मनीत."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे व्हिसा काढले त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी रांग लावली, आणि एक सोडून दोन व्हिसा मागितले. गाडी जहाजाने इटलीपर्यंत जाणार होती; तिथून जर्मनी खरं तर फार लांब नाही. पण खालूंनी आखलेला रस्ता आल्प्सच्या पलीकडे जाई, परत अलीकडे येई, फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडे, समुद्राला शिवून येई आणि जर्मनीच्या आसपास नुसता घोटाळत राही. "एवढा वळसा?" मी विचारलं. ते सवतीचा आरसा पुसत म्हणाले, "अरे, लग्न झाल्यापासून तिच्याबरोबर सलग असा मी कधी राहिलोच नाय. सुट्टीचे दिवस ते पाहुण्याचे दिवस. पहिले लोक येतात हा आला म्हणून, मग येतात हा चालला म्हणून. गाडीत कोण येतंय? दोघंच. जरा बोलणं होईल." क्षणभर मला वाटलं, हे गाडीबद्दल बोलताहेत. ते खालाबद्दल बोलत होते.

निरोप अर्थातच माझ्या हाती गेला. खालाचं उत्तर ताबडतोब आलं. "त्यांना सांग, सवतीला माहेरी पोचवायला मी कशाला? माझे गुडघे दुखतात." मी ते तसंच सांगितलं. खालू हसले. थोड्या वेळाने खालाने मला एकट्याला फोन केला. "पोरा, हे त्यांना नको सांगू. अरे, एवढी वर्षं घरात मी एकटी. त्यांच्याशी गाडीत दिवसभर बसून बोलायचं काय रे? दोन दिवसांत बोलणं संपलं तर?" शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं, आणि कॉलेजातही.

खालू एकटेच गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो तेव्हा टॅक्सीवाला इतक्या वेगात गेला की आम्हाला नीट बोलताही आलं नाही.

मग निरोप येऊ लागले. फोनवर रेकॉर्ड केलेले, माझ्या नावाने, पण आत खालासाठी. "तिला सांग, इथं डोंगरावर बर्फ हाय, आपल्या मिठागरासारखा दिसतो." "तिला सांग, मागची गाडी हॉर्न नाय वाजवत, वाट बघते. मलाच लाज वाटून मी कडेला घेतो." "तिला सांग, इथं माणसं आपली आपली असतात. एका गावात तीन दिस राहिलो, कुणी विचारलं नाय कुठला म्हणून. मग एक म्हातारा आला, गाडीवरनं हात फिरवून गेला. सवतीची चौकशी करून गेला, माझी नाय." हे शेवटचं ते हसत सांगत होते, पण हसणं संपल्यावरही रेकॉर्डिंग बराच वेळ चालूच होतं, आणि त्यात नुसता इंजिनाचा आवाज होता. मी ते सगळं खालाला पाठवायचो. तिकडून यायचं, "त्यांना सांग, मफलर बांधा." "त्यांना सांग, रात्री गाडी चालवू नका." व्हिलातल्या पार्टिशनमागे, पलंगावर पडून, मी युरोप आणि कोकण यांच्या मधोमध राहू लागलो. माझी संध्याकाळ त्या दोघांनी भरून जायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला दुसरं कोणी नव्हतं.

एकदा ऑफिसातून येऊन मी बूट काढत होतो, तेवढ्यात खालाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "पोरा, त्यांना एक विचार. गाडीत बाजूला कोण बसतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही, खाला. कोण बसणार?"

"तुला काय ठाऊक? विचार त्यांना."

मी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणालो, "खाला, हा प्रश्न मी नेणार नाही. हा हाती पाठवायचा नाही. तुम्हीच विचारा."

"एवढा मोठा झालास होय रे? चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवतोस?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर दोघांचेही निरोप बंद झाले. खालाचा राग मी समजू शकत होतो, पण खालूही गप्प. एक दिवस गेला, आणखी काही गेले. बर्फात गाडी घसरली असेल का, ते आजारी असतील का, परक्या मुलखात कुणाला काय सांगता येत असेल, असं काहीबाही मनात येऊ लागलं. मी त्यांना फोन लावला, लागला नाही. आपण एवढं तोंड वर करून बोलायला नको होतं, असंही वाटलं. शेवटी शुक्रवारी दुपारी धीर करून खालाला फोन केला.

पलीकडून भांड्यांचा आवाज आणि खालाचं हसू. "अरे, ते बरे आहेत! कालच तर म्हणाले, त्या पोराला कळवलं पाहिजे. राहून गेलं बघ."

"कुणाला म्हणाले?"

"मला रे! बोलतो ना आम्ही. संध्याकाळी गाडी कुठेतरी झाडाखाली लावतात आणि फोन बाजूच्या सीटवर ठेवतात. दिवसभराचं सगळं सांगतात. मीही सांगते. बोलणं काही संपत नाही, मेलं. कुठं होतं एवढं, कोण जाणे."

मी विचारलं, "मग जर्मनीत पोचले? सोडली गाडी?"

"कुठली? तिच्या माहेरच्या गावावरनं पुढे गेले. मीच म्हटलं, असू दे, व्हिसा आहे तोवर फिरवा तिला. माहेरी काय, शेवटच्या दिवशीही सोडता येईल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरा, तू रागावू नकोस हां. तुला उगाच त्रास होत होता आमचा."

मी म्हटलं, त्रास कसला, खाला. आणि खरंच फार बरं वाटलं. एवढं बरं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नसेल. फोन ठेवून मी बाहेर अंगणात आलो. जिथे सवत उभी असायची तिथे आता कुणाची तरी मोठी पांढरी गाडी होती. ऊन खूप होतं. शुक्रवार असल्याने सगळीकडे सामसूम होती आणि पुढची सबंध दुपार माझ्याजवळ मोकळी होती. हातातला फोन मी दोनदा उघडून बघितला. काही आलेलं नव्हतं, आणि आता येण्यासारखंही काही नव्हतं.

आत्ता खालू युरोपात नेमके कुठल्या गावी आहेत, ते मला ठाऊक नाही. खालाला ठाऊक आहे.